नवे डॅम्पर बसवूनही त्याच ओळीतील पात्यांना पुन्हा तडे जातात, तेव्हा काय तपासावे

तक्रार बहुतेक वेळा सारख्याच शब्दांत येते. टर्बाइनच्या एका ओळीतील दोन-चार पात्यांना मुळाच्या वर, शँकच्या (मूळ आणि पाते यांना जोडणाऱ्या मानेच्या) गोलाईत, बारीक तडे सापडतात. पाती बदलली जातात, प्लॅटफॉर्मखालचे (पात्याच्या बुंध्याशी असलेल्या सपाट फळीखालचे) डॅम्पर, म्हणजे शेजारच्या दोन पात्यांमध्ये घासून कंपन शमवणारे धातूचे छोटे तुकडे, तेही नवे घातले जातात, यंत्र सुरळीत चालू होते, आणि पुढच्या ओव्हरहॉलमध्ये त्याच ओळीत, त्याच जागी, पुन्हा तडे दिसतात. अशा वेळी बैठकीत हमखास एक सूचना येते, की डॅम्पर थोडे जड करून पाहू. मला मुख्यतः या सूचनेविषयी लिहायचे आहे, कारण ती ऐकायला सरळ वाटते आणि पुष्कळदा दुखणे वाढवते. डॅम्पर जड केला म्हणजे डॅम्पिंग वाढले, असे होत नाही. घर्षण ऊर्जा खाते ती पृष्ठभाग एकमेकांवर घसरतात तेव्हाच. डॅम्पर इतका घट्ट दाबला गेला की तो घसरतच नाही, तर तो डॅम्पर राहत नाही, दोन पात्यांना जोडणारा एक ताठ तुकडा होतो.

काही वर्षांपूर्वी अशीच एक ओळ उघडली तेव्हा मी तेथे हजर होतो. तेथील मंडळींनी सगळे डॅम्पर ट्रेमध्ये क्रमाने मांडून ठेवले होते आणि ते अगदी नव्यासारखे आहेत, पुन्हा वापरता येतील, असे समाधानाने सांगितले. एक डॅम्पर उचलून भिंगाखाली धरला, तर ग्राइंडिंगच्या समांतर रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड होत्या. कोठेही चकाकी नाही, ओरखडा नाही, भुकटी नाही. शेजारच्या टेबलावर तडा गेलेली पाती ठेवलेली होती. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाच्या अंगावर घामाचा थेंबही नसावा, तसा तो प्रकार होता. त्या डॅम्परनी काम केलेच नव्हते, आणि त्यांचा नवेपणा हाच सर्वांत मोठा पुरावा होता.

आधी तड्याची खात्री

डॅम्परकडे वळण्यापूर्वी तडा खरोखर उच्च वारंवारतेच्या थकव्याचाच, म्हणजे वेगवान कंपनाने धातू पुन्हा पुन्हा वाकल्याचाच आहे, हे धातुशास्त्रज्ञाकडून लेखी घ्यावे. भंगपृष्ठावर उगमबिंदूपासून पसरत गेलेल्या किनाऱ्यावरील लाटांसारख्या खुणा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या अतिशय जवळजवळच्या रेषा थकव्याकडे बोट दाखवतात. उगमाशी गंजाचा खड्डा, यंत्रकामाचा ओरखडा किंवा बाहेरच्या वस्तूचा घाव असेल, तर डॅम्परवर कितीही मेहनत घेतली तरी प्रश्न तेथेच राहील. हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. मात्र तो वगळला जातो, हेही सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतरचा प्रश्न, पात्याला हलवते कोण. पुढे आकडेमोड करायची असल्याने समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. ६० पात्यांची ओळ आहे, तिच्या पुढे ४८ स्थिर पाती आहेत आणि यंत्र मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालते. फिरणारे प्रत्येक पाते एका फेरीत ४८ वेळा स्थिर पात्यांमागे पडणाऱ्या प्रवाहातील छायेतून जाते, म्हणून त्याला सेकंदाला ४८ × ५० = २४०० धक्के बसतात. पात्याची एखादी नैसर्गिक वारंवारता २४०० हर्ट्झच्या जवळ असली, तर रेझोनन्स होतो, म्हणजे कंपन फार वाढते. एक कोटी आवर्तने व्हायला तेथे केवळ ७० मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणून यंत्र रेझोनन्सवर थोडाच वेळ राहिले, याला फारसा अर्थ नसतो. फेऱ्यांचा वेग आणि वारंवारता एका कागदावर मांडून धोक्याचे छेद शोधण्याची कॅम्पबेल आलेखाची पद्धत १९२४ पासून आहे, आणि आजही पहिला कागद तोच काढावा.

पण चकतीवर बसलेल्या पात्यांसाठी वारंवारता जुळणे पुरेसे नसते, आकारही जुळावा लागतो. सगळी पाती मिळून एक लाट तयार करतात आणि त्या लाटेत चकतीवर काही व्यास असे असतात की त्यांवर कंपन शून्य असते, त्यांना नोडल डायमीटर म्हणतात. ४८ धक्क्यांचे उत्तेजन ६० पात्यांच्या ओळीला ६० − ४८ = १२ व्यासांच्या, उलट दिशेने धावणाऱ्या लाटेसारखे दिसते. ही वजाबाकी वरवर क्षुल्लक वाटते, परंतु डॅम्परचे नशीब तिच्यावरच ठरते, कारण डॅम्पर दोन शेजारच्या पात्यांच्या मध्ये असतो आणि त्याला त्या दोघांमधील सापेक्ष हालचालच कळते. प्रत्येक प्लॅटफॉर्म समान आयामाने हलत असेल, तर शेजाऱ्यांमधील सापेक्ष आयाम त्या आयामाच्या दोन गुणिले साइन (१८०° × व्यास ÷ पाती) इतका येतो. १२ व्यासांसाठी हा गुणक सुमारे १.१८ आहे, २ व्यासांसाठी तो जेमतेम ०.२१ उरतो. म्हणजे थोड्या व्यासांच्या लाटेत शेजारची पाती जवळजवळ एकत्रच डुलतात, त्यांच्या मधल्या डॅम्परला घसरायला काही मिळत नाही, आणि अशा लाटेसाठी प्लॅटफॉर्मखालचा डॅम्पर हे मुळातच कमजोर औषध आहे. एखादा बर्नर बंद पडल्याने किंवा प्रवेशमार्ग असमान झाल्याने जी कमी क्रमाची उत्तेजने निर्माण होतात, त्यांच्याशी झुंजताना हे विसरले जाते.

वारंवारता हाच साक्षीदार

डॅम्पर अडकलेला आहे, घसरतो आहे की नुसता तरंगतो आहे, हे उघडल्याशिवाय सांगता येते का? बऱ्याच अंशी येते, आणि त्यासाठी रेझोनन्सच्या शिखराची वारंवारता पाहावी लागते, केवळ त्याची उंची नव्हे. डॅम्पर नसताना पात्याची एक वारंवारता असते, ती समजा २३३० हर्ट्झ. डॅम्पर पूर्ण चिकटून राहिला तर त्याची ताठरता दोन पात्यांना जोडते आणि वारंवारता वर सरकते, समजा २४१० हर्ट्झपर्यंत. डॅम्पर योग्य प्रकारे घसरत असेल तेव्हा शिखर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते, बुटके आणि पसरट होते, आणि उत्तेजन वाढवले की खालच्या बाजूला झुकत जाते. शिखर वरच्या टोकाला, उंच आणि अणकुचीदार असेल तर डॅम्पर अडकलेला आहे. शिखर खालच्या टोकाला आणि तितकेच अणकुचीदार असेल तर डॅम्पर इतका हलका आहे की तो जवळजवळ नसल्यासारखाच आहे.

वरचे आकडे जाणूनबुजून तसे घेतले आहेत. पहा, डॅम्परशिवायचे पाते २३३० वर होते, म्हणजे २४०० च्या धक्क्यांपासून ७० हर्ट्झ दूर. अडकलेल्या डॅम्परने त्याला २४१० वर नेऊन बसवले, म्हणजे धक्क्यांच्या शेजारीच. स्थिर वेगाने चालणाऱ्या यंत्रात हा प्रकार फार वाईट असतो, कारण वेग एक टक्का हलला तरी धक्क्यांची वारंवारता २४ हर्ट्झने हलते आणि यंत्र तासन् तास शिखरावर उभे राहते. येथे तडे कमी करण्यासाठी म्हणून घातलेल्या डॅम्परनेच तडे आणले, आणि तो आणखी जड केला असता तर तो आणखी ठामपणे अडकला असता.

ही मोजणी फिरत्या यंत्रावरच झाली पाहिजे. पात्यावर चिकटवलेले, ताण मोजणारे स्ट्रेन गेज आणि त्यांचे संकेत फिरत्या भागातून बिनतारी बाहेर आणणारी टेलिमेट्री हा जुना, विश्वासाचा मार्ग आहे. आवरणात बसवलेल्या संवेदकांनी प्रत्येक पात्याच्या टोकाची येण्याची वेळ टिपणारे टिप टायमिंग हा दुसरा, आणि तो सगळ्या पात्यांवर एकाच वेळी नजर ठेवतो. थांबलेल्या रोटरवर हातोडीने ठोकून घेतलेली वारंवारता पात्याविषयी काही सांगते, डॅम्परविषयी काहीच सांगत नाही, कारण त्याला दाबणारे केंद्रोत्सारी बल तेव्हा नसते. ठोकून पाहिले आणि डॅम्परने काही फरक पडत नाही असे आढळले, म्हणून डॅम्पर निरुपयोगी ठरवल्याचे अहवाल मी वाचले आहेत. ती चाचणी पार पडली, इतकेच त्यातून सिद्ध होते.

वजनाचा हिशोब

आता त्याच उदाहरणात डॅम्पर घालू. तो पाचरीच्या आकाराचा, २० ग्रॅम वजनाचा आहे, प्लॅटफॉर्मखाली ०.५ मीटर त्रिज्येवर बसतो आणि त्याचे दोन्ही उतार त्रिज्येशी ४५ अंशांचा कोन करतात. ३००० फेऱ्यांवर त्याच्यावर सुमारे ९८७ न्यूटनचे केंद्रोत्सारी बल येते. घर्षणाचा परिणाम तूर्त बाजूला ठेवला, तर प्रत्येक उतारावर लंब दाब सुमारे ७०० न्यूटन पडतो, घर्षणांक ०.३ धरला तर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे २०९ न्यूटनच्या ओढीपर्यंत चिकटून राहील. त्यानंतर तो घसरेल.

घसरण्यापूर्वी संपर्कातील धातू स्प्रिंगसारखा दबतो. या संपर्काची ताठरता २० न्यूटन प्रति मायक्रोमीटर धरू. म्हणजे सापेक्ष हालचाल १०.५ मायक्रोमीटर होईपर्यंत डॅम्पर घसरणारच नाही. १.१८ च्या गुणकाने भागले तर प्लॅटफॉर्मचा आयाम ८.९ मायक्रोमीटर आणि, या कंपनरूपात पात्याचे टोक प्लॅटफॉर्मच्या ३० पट हलते असे मानल्यास, टोकाचा आयाम जवळजवळ ०.२७ मिलिमीटर होतो. आता अशा पात्याची थकव्याची सुरक्षित हद्द टोकाशी ०.१५ मिलिमीटर असेल, तर निष्कर्ष अगदी सरळ आहे: डॅम्पर जागा होण्याच्या आधीच पाते मरते.

एका आवर्तनात असा संपर्क किती ऊर्जा खर्च करतो, याचे सूत्र छोटे आहे: चार गुणिले घर्षणबल गुणिले, आयामातून घर्षणबल भागिले ताठरता वजा करून जे उरेल ते. ते एकदा हातानेच मांडून पाहावे, कारण त्यातून जे दिसते ते सांगून पटत नाही. सापेक्ष आयाम ५ मायक्रोमीटर असताना २० ग्रॅमचा डॅम्पर शून्य ऊर्जा खातो. तोच डॅम्पर ५ ग्रॅमचा केला, म्हणजे घर्षणबल ५२ न्यूटन झाले, तर तो त्याच आयामाला आवर्तनाला सुमारे ०.५ मिलिज्यूल खातो. १२ मायक्रोमीटरवर जड डॅम्पर १.३ मिलिज्यूल खातो, तर हलका २ मिलिज्यूल. मात्र ४० मायक्रोमीटरवर चित्र उलटते: जड सुमारे २४.७, हलका ७.८. म्हणजे कोणता डॅम्पर चांगला, या प्रश्नाला पात्याचा सोसण्याजोगा आयाम सांगितल्याशिवाय उत्तर नाही. याच सूत्रातून असेही निघते की दिलेल्या आयामाला सर्वांत जास्त ऊर्जा तेव्हा जाते, जेव्हा घर्षणबल ताठरता गुणिले आयामाच्या निम्मे असते. दुसऱ्या शब्दांत, पात्याचा आयाम घसरण्याच्या उंबरठ्याच्या सुमारे दुप्पट असावा. आपल्या ५ ग्रॅमच्या डॅम्परचा उंबरठा २.६ मायक्रोमीटर आहे, त्यामुळे तो ५ मायक्रोमीटरच्या, म्हणजे टोकाशी ०.१३ मिलिमीटरच्या, आयामाला अगदी जुळून बसतो.

हा हिशोब नवा नाही. घर्षण असलेल्या दोलकाचे नेमके उत्तर संशोधक डेन हार्टॉग यांनी १९३१ मध्ये दिले होते, आणि जेट इंजिनच्या पात्यांना ही विचारपद्धती लागू करणारे ग्रिफिन यांचे लेखन १९८० चे आहे. प्रत्यक्षात संपर्क एकदम घसरत नाही. आधी कडा घसरतात, मधला भाग चिकटून राहतो, म्हणून उंबरठ्याच्या खालीही थोडी ऊर्जा जाते आणि वरचे शून्य हे अगदी शून्य नसते. तरी निर्णय चुकू नये इतके हे साधे गणित पुरेसे आहे. हार्मोनिक बॅलन्स ही गणिती पद्धत वापरून संपूर्ण चकतीचे प्रारूप सोडवणारे सॉफ्टवेअर हाताशी असले, तरी त्यात संपर्काची ताठरता आणि घर्षणांक हे दोन आकडे आपणच भरतो. ते मोजणीशी जुळवून घेतलेले नसतील, तर उत्तराच्या दशांशांना काही किंमत नाही.

आणखी एक गोष्ट या गणितातून हातात येते, ती दुर्लक्षिली जाते. उत्तेजन दुप्पट झाले तर सर्वोत्तम दाबही दुप्पट होतो. जो डॅम्पर पहिली अनेक वर्षे नीट काम करत होता आणि आता तडे जाऊ देतो, त्याचे काही बिघडले नसून पुढच्या स्थिर पात्यांचेच काही बिघडले असण्याची शक्यता त्यामुळे तपासावी: एखादे वाकलेले पाते, दोन स्थिर पात्यांमधील बदललेला घसा (प्रवाहाची अरुंद वाट), दुरुस्तीनंतर दोन ओळींतील अंतरात झालेला बदल. डॅम्पर हलका वाटू लागतो तो येथे, आणि येथे वजन वाढवण्याचा विचार रास्त ठरतो.

पृष्ठभाग काय सांगतात

यंत्र उघडले की डॅम्पर धुऊ नयेत. ही विनंती मी प्रत्येक वेळी करतो आणि निम्म्या वेळा उशीर झालेला असतो. प्रत्येक डॅम्पर त्याच्या खाचेच्या क्रमांकासह, कोणता उतार कोणत्या बाजूला होता हे लिहून, वेगळ्या पिशवीत ठेवावा. पोलादी भागांवर तांबूस-तपकिरी भुकटी दिसली तर सूक्ष्म घसरण झाली आहे. उष्ण भागातील निकेल व कोबाल्ट मिश्रधातूंवर दाबून बसलेल्या ऑक्साइडचा काळपट, काचेसारखा गुळगुळीत थर तयार होतो; त्यामुळे झीज कमी होते आणि घर्षणांकही बदलतो, म्हणून थंड कार्यशाळेत मोजलेला घर्षणांक गरम यंत्राला लावू नये. उताराच्या रुंदीभर पसरलेली चकाकी समाधानकारक असते. चकाकी फक्त एका कडेला रेषेसारखी असेल, तर डॅम्पर सपाट बसलेला नाही, तो कडेवर डोलतो किंवा गडगडतो. दंडगोलाकार डॅम्परमध्ये, शेजारची पाती एकत्र हलत असताना, हे गडगडणे विशेष दिसते. गडगडण्यात घसरण नाही आणि घसरण नाही तेथे खर्च नाही. एक बाजू सपाट आणि दुसरी गोल असलेले असममित डॅम्पर याच अडचणीतून आले, परंतु त्यांना उलटे बसवण्याची सोयही त्याबरोबर आली, म्हणून दिशा लिहून ठेवणे अगत्याचे.

झिजेने पृष्ठभागावर पायरी तयार झाली असेल, तर नखाने जाणवते. जुन्या प्लॅटफॉर्मवरील पायरीत नवा डॅम्पर बसवला की त्याची कड तेथे अडते आणि तो कितीही योग्य वजनाचा असला तरी घसरत नाही. नवे डॅम्पर घालूनही फरक पडला नाही, या तक्रारीमागे मला सर्वाधिक वेळा हेच सापडले आहे: डॅम्पर बदलले, पण प्लॅटफॉर्मची खालची बाजू कोणी पाहिली नाही. आरसा आणि दिवा घेऊन ती पाहावी, आणि जोडणीच्या वेळी प्रशियन ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून संपर्काचा ठसा घ्यावा. पात्यांवर दुरुस्तीत नवा लेप दिला असेल तर दोन प्लॅटफॉर्ममधील फट बदलते, पाचर वेगळ्या खोलीवर बसते आणि ठसा कडेला सरकतो. हे ठशात पाच मिनिटांत कळते.

मग हातोडीचा प्रश्न. डॅम्पर काढताना हातोडी लागली का, हे फिटरला विचारावे, आणि त्याने नको ते सांगितले असे त्याला वाटू देऊ नये. पाचरीचा उतार त्रिज्येशी करतो तो कोन घर्षणकोनापेक्षा (ज्या चढावर वस्तू आपोआप घसरू लागते त्या कोनापेक्षा) लहान असेल, तर ती ड्रिलच्या टेपरसारखी स्वतःच जखडते आणि यंत्र थांबल्यावरही सुटत नाही. घर्षणांक ०.५ असताना घर्षणकोन सुमारे २६.६ अंश असतो. म्हणून ४५ अंशांची पाचर सुटते आणि २५ अंशांची जखडते. आराखड्यात घर्षणांक ०.३ धरून कोन ठरवला असेल आणि यंत्रात तो वाढला असेल, तर कागदावर सुटणारी पाचर प्रत्यक्षात जखडू शकते.

जोडणीत वापरलेले मोलिब्डेनमयुक्त वंगण मुळाच्या खाचेतून डॅम्परच्या उतारावर आले, तर याच्या उलट घडते: घर्षणांक सुरुवातीला घसरतो, डॅम्पर हलका भासतो, आणि वंगण जळून गेल्यावर वागणूक पुन्हा बदलते. सुरुवातीच्या चाचणीत एक वारंवारता आणि महिन्याभराने दुसरी, असे कोडे पडले तर आधी वंगणाचा डबा शोधावा.

जाता जाता एक बारीक गोष्ट. रोटर थंड होताना टर्निंग गिअरवर (यंत्र थांबल्यावर रोटर हळू फिरवत ठेवणाऱ्या यंत्रणेवर) सावकाश फिरतो, तेव्हा ०.५ मीटर त्रिज्येवर मिनिटाला सुमारे ४२ फेऱ्यांच्या खाली गुरुत्वाकर्षण केंद्रोत्सारी बलावर मात करते. वर आलेला डॅम्पर प्रत्येक फेरीत सुटून खाली पडतो आणि पुन्हा बसतो. दिवसेंदिवस असे चालले तर उतारावर ठोकल्याचे डाग उमटतात, आणि ते कंपनातून आले असे समजून चुकीच्या दिशेने तपास सुरू होतो. त्या डागांत घसरणीच्या रेषा नसतात, एवढ्यावरून ते ओळखावेत.

तडे नेमक्या त्याच पात्यांना का

सगळी पाती सारखीच असती तर सगळ्यांनाच तडे गेले असते. प्रत्यक्षात वजन, जाडी, मुळाचा संपर्क यांत सूक्ष्म फरक असतात, त्यांना मिसट्यूनिंग म्हणतात, आणि लाटेची ऊर्जा काही थोड्या पात्यांत कोंडली जाते. संशोधक व्हाइटहेड यांनी १९६६ मध्ये दिलेली या वाढीची वरची मर्यादा, एक आणि पात्यांच्या संख्येचे वर्गमूळ यांच्या बेरजेच्या निम्मी, ६० पात्यांसाठी सुमारे ४.४ येते, एवढी वाढ क्वचितच होते, पण दीड-दोन पटींची वाढ विशेष नाही. एका खाचेत अडकलेला आणि शेजारच्या खाचेत सुटा असलेला डॅम्पर हेही मिसट्यूनिंगच होय, आणि ते पात्यांतील फरकापेक्षा मोठे असू शकते. म्हणून तड्यांच्या जागा खाचेच्या क्रमांकानुसार एका वर्तुळावर मांडून, त्याच वर्तुळावर डॅम्परची वजने आणि पृष्ठभागाची स्थिती लिहावी. हे वर्तुळ काढायला अर्धा तास लागतो, आणि पुष्कळ वाद त्या अर्ध्या तासात मिटतात.

जेथे हा उपाय लागू पडत नाही

टिप टायमिंगमध्ये कंपनाची वारंवारता फेऱ्यांच्या पूर्ण पटीत येत नसेल, तर फ्लटरचा संशय घ्यावा. तेथे प्रवाहच पात्याला ऊर्जा देत असतो. घर्षणाचे परिणामकारक डॅम्पिंग मोठ्या आयामाला कमी कमी होत जाते, त्यामुळे एका मर्यादेपर्यंत डॅम्पर फ्लटरला धरून ठेवतो, आणि एखाद्या धक्क्याने आयाम त्या मर्यादेपलीकडे गेला की सोडून देतो. असे पाते कित्येक महिने शांत राहून एका दिवसात जाते. त्याचा उपाय पात्याच्या आकारात, वारंवारतेत किंवा चालवण्याच्या हद्दीत शोधावा लागतो.

टोकाला एकमेकांत अडकणारे आवरण असलेल्या लांब पात्यांत घर्षण तेथे होते, प्लॅटफॉर्मखाली नाही. पीळ देऊन बसवलेला ताण गेला किंवा कठीण लेप झिजून फट पडली की जोड सुटतो आणि वारंवारता खाली येते. डिस्क आणि पाती एकाच तुकड्यातून कोरलेल्या ब्लिस्कमध्ये मुळाचे घर्षणही नसते, म्हणून तेथे रिमखालच्या खाचेत चिरलेली कडी बसवतात. तिचेही गणित वरच्यासारखेच आहे, फक्त तिला घसरायला मिळणारी हालचाल फारच थोडी असते.

बदल करताना

निदान झाल्यावर बदल एका वेळी एकच करावा. डॅम्पर अडकत असेल तर प्रथम पृष्ठभाग आणि बसणी दुरुस्त करावी, पायऱ्या काढाव्यात, आणि त्यानंतरही शिखर वरच्या टोकालाच राहिले तरच वजन कमी करावे. वजन आतून पोखरून कमी करणे बरे, म्हणजे संपर्काची रुंदी तशीच राहते. फार अरुंद संपर्क ठेवला की दाब वाढून झीज वाढते आणि दोन वर्षांनी तीच पायरी पुन्हा तयार होते. दोन प्लॅटफॉर्ममधील फट झाकून डॅम्पर थंड हवा अडवण्याचेही काम करत असल्याने, आकार बदलण्यापूर्वी ज्यांच्याकडे शीतनाचा हिशोब आहे त्यांना विचारावे.

नवा डॅम्पर शक्य असल्यास निर्वात स्पिन पिटमध्ये (रोटर फिरवून तपासण्याच्या बंद कक्षात), पूर्ण वेगाने, उत्तेजनाच्या किमान तीन पातळ्यांवर तपासावा. कमी उत्तेजनाला शिखर वरच्या बाजूस, अपेक्षित उत्तेजनाला मधे आणि बुटके, त्याहून जास्त उत्तेजनाला पुन्हा उंच आणि खाली सरकलेले, असा क्रम दिसला तर वजन योग्य पट्ट्यात आहे. तिन्ही पातळ्यांवर शिखर एकाच वारंवारतेवर स्थिर राहिले, तर डॅम्पर एक तर पूर्ण अडकलेला आहे किंवा पूर्ण सुटा, आणि त्या दोहोंतील कोणते, हे त्या वारंवारतेवरून लगेच कळते. यंत्रात बसवल्यावर पहिल्या महिन्यात एकदा आणि पुढे ऋतू बदलल्यावर एकदा टिप टायमिंगची नोंद घ्यावी. पुढच्या ओव्हरहॉलमध्ये डॅम्पर ट्रेमध्ये मांडले जातील, तेव्हा त्यांच्या दोन्ही उतारांवर रुंदीभर चकाकी आणि थोडी भुकटी असावी, आणि ते काढताना हातोडी लागलेली नसावी.